‘हॅव्ह’ या इंग्रजी क्रियापदाची ओळख



कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. आठवीच्या वर्गांत भाषांतराचा तास चालला होता. ‘मला दोन भाऊ आहेत’ या सोप्या वाक्याचें इंग्रजी करण्यास मीं एका मुलाला फळ्यापाशीं बोलाविलें. त्यानें क्षणभर विचार केला आणि खडूनें लिहिलें, ‘टु मी टू ब्रदर्स आर.’ वर्गांत हंशा पिकला. हंसणारांत दुर्दैवानें मीहि होतों. मुलानें मुकाट्यानें फळा पुसला, मीं सांगितलेलें शुद्ध वाक्य वहींत उतरून घेतलें आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला. त्यानंतर कित्येक आठवडे इंग्रजीच्या तासाला त्यानें आपण होऊन हात वर केला नाहीं. पुढें वडिलांची बदली झाल्यामुळें तो शाळा सोडून गेला.

तो गेला, पण त्याचें तें वाक्य माझ्या मनांतून गेलें नाहीं. जों जों विचार करावा, तों तों असें दिसूं लागलें कीं, त्या चुकींत आळस नव्हता, निष्काळजीपणाहि नव्हता. ‘मला’, ‘दोन’, ‘भाऊ’, ‘आहेत’ या चारहि शब्दांना त्यानें नेमके इंग्रजी शब्द दिले होते. जी गोष्ट मराठी भाषा ‘असणें’ या क्रियापदानें सांगते, ती इंग्रजी भाषा ‘हॅव्ह’ या क्रियापदानें सांगते, एवढेंच काय तें त्याला ठाऊक नव्हतें. आणि तें समजावून देण्याचें काम माझें होतें. त्या दिवशीं तें राहून गेलें. या लेखांत तें करावें असा हेतु आहे.

कोणताहि इंग्रजी-मराठी कोश उघडून पाहा. ‘हॅव्ह’ या शब्दापुढें एकच एक मराठी क्रियापद सांपडत नाहीं. ‘असणें’, ‘जवळ असणें’, ‘बाळगणें’, ‘घेणें’, ‘भोगणें’ असे अनेक अर्थ रांगेनें दिलेले असतात. याचें कारण असें कीं, इंग्रज माणूस ज्या नात्याला एकाच नांवानें हांक मारतो, त्या नात्याचे आपण मराठी लोक निरनिराळे भेद करतों, आणि क्रियापद न बदलतां केवळ विभक्तीनें अथवा शब्दयोगी अव्ययानें ते भेद दाखवितों. ते भेद चार आहेत.

पहिला भेद हातांत धरतां येणाऱ्या किंवा जवळ बाळगतां येणाऱ्या वस्तूंचा. ‘माझ्यापाशीं पुस्तक आहे’, ‘तिच्याजवळ छत्री आहे’, ‘त्याच्याकडे पैसे आहेत’ असें आपण म्हणतों. अशी वस्तु आज एकापाशीं असते, उद्यां दुसऱ्यापाशीं जाते. दुसरा भेद सहसा दूर करतां न येणाऱ्या गोष्टींचा: नातेवाईक, शरीराचे अवयव, दुखणें, वस्तूचे भाग. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘गाईला दोन शिंगें आहेत’, ‘बाळाला ताप आहे’, ‘या खोलीला तीन खिडक्या आहेत’. येथें ‘ला’ हा प्रत्यय येतो. ‘माझ्याजवळ दोन भाऊ आहेत’ असें म्हटल्यास भाऊ या क्षणीं शेजारीं उभे आहेत असा अर्थ होईल. तिसरा भेद खऱ्या मालकीचा. ‘गांवांत त्यांचें घर आहे’, ‘नदीकांठीं आमची शेती आहे’. येथें षष्ठी विभक्ति येते. चौथा भेद अंगच्या गुणांचा व एका गोष्टींत सामावलेल्या दुसऱ्या गोष्टीचा. ‘तिच्या अंगीं धैर्य आहे’, ‘आठवड्यांत सात दिवस आहेत’.

आतां हीं सर्व वाक्यें इंग्रजींत न्या. ‘आय हॅव्ह अ बुक’, ‘आय हॅव्ह टू ब्रदर्स’, ‘द बेबी हॅज फीव्हर’, ‘द रूम हॅज थ्री विंडोज’, ‘दे हॅव्ह अ हाउस इन द व्हिलेज’, ‘शी हॅज करेज’, ‘अ वीक हॅज सेव्हन डेज’. पुस्तक, भाऊ, ताप, खिडकी, घर, धैर्य आणि वार या सर्वांना एकच क्रियापद. मराठींत चार दारें आहेत, इंग्रजींत एकच दार आहे. आणि आपल्या मुलांची पहिली अडचण त्या एका दाराशींच होते.

ही अडचण केवळ शब्द निवडण्याची नाहीं. वाक्यांत मुख्य जागीं कोणाला बसवावयाचें, हा खरा प्रश्न आहे. ‘त्याला दोन भाऊ आहेत’ या वाक्यांत कर्ता कोण? ‘भाऊ’. म्हणूनच एक भाऊ असेल तर ‘आहे’, दोन असतील तर ‘आहेत’. क्रियापद भावांकडे पाहतें. ज्याचे ते भाऊ, त्याच्याकडे पाहत नाहीं. इंग्रजींत याच्या अगदीं उलट आहे. तेथें ज्याच्यापाशीं वस्तु असते तो कर्त्याच्या जागीं बसतो, आणि क्रियापद त्याच्याकडेच पाहतें. भाऊ एक असो कीं दहा असोत, ‘ही’ या कर्त्याबरोबर ‘हॅज’च येणार आणि ‘आय’बरोबर ‘हॅव्ह’च येणार.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ‘ही हॅव्ह टू ब्रदर्स’ अशी चूक वारंवार आढळते. ती कोठून येते, हें आतां ध्यानांत येईल. मुलाच्या मनांत ‘आहेत’ हें अनेकवचन घुमत असतें. ‘भाऊ दोन, म्हणून क्रियापदहि अनेकवचनी,’ असा हिशेब त्याचें मराठी कान करीत असतात, आणि मग ‘हॅज’ टाकून तो ‘हॅव्ह’ लिहितो. अशा वेळीं नियम शंभर वेळां लिहावयास लावण्यापेक्षां एक प्रश्न विचारावा: ‘हें कोणाचें आहे?’ ज्याचें नांव उत्तरांत येईल तो प्रथम लिहावा, त्याला अनुसरून ‘हॅव्ह’ किंवा ‘हॅज’ लिहावें, आणि वस्तु शेवटीं लिहावी. एवढी संवय लागली कीं अर्ध्या चुका आपोआप नाहींशा होतात.

येथवर ‘हॅव्ह’चा अर्थ ‘असणें’ असा होता. परंतु याच शब्दाचा दुसरा उपयोग क्रिया दाखविण्याकडेहि होतो. ‘वुइ हॅव्ह टी ॲट फोर’ म्हणजे आमच्यापाशीं चार वाजतां चहा असतो असें नव्हे; आम्ही चार वाजतां चहा घेतों. त्याचप्रमाणें ‘हॅव्ह’पुढें ‘अ बाथ’ आलें तर आंघोळ करणें, ‘ब्रेकफास्ट’ आलें तर न्याहारी करणें, ‘अ लुक’ आलें तर एकवार पाहणें, ‘अ टॉक’ आलें तर बोलणें करणें असे अर्थ होतात. मराठींत आपण ‘करणें’ व ‘घेणें’ या क्रियापदांवर असा भार टाकतों. इंग्रज तो ‘हॅव्ह’वर टाकतो.

या दोन उपयोगांतील फरक कळला नाहीं म्हणजे आपल्या देशांत सर्रास ऐकूं येणारी एक चूक होते. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असें पुष्कळ शिकलेले लोकहि बोलतात. ‘इंग’ हा प्रत्यय चालूं असलेली क्रिया दाखवितो. भाऊ असणें ही चालूं क्रिया नव्हे, ती स्थिति आहे. सकाळीं सुरू होऊन संध्याकाळीं संपणारें तें काम नव्हे. म्हणून तेथें ‘आय हॅव्ह’ एवढेंच म्हणावयाचें. ‘आय ॲम हॅविंग माय लंच’ हें मात्र शुद्ध आहे. कारण जेवण चालूं असतें व थोड्या वेळानें तें संपतें. स्थिति कीं क्रिया, हें ठरविलें कीं प्रश्न सुटला.

तिसरा उपयोग काळ दाखविण्याचा. ‘मीं पत्र लिहिलें आहे’ याचें इंग्रजी ‘आय हॅव्ह रिटन अ लेटर’ असें होतें. पत्र लिहिण्याशीं मालकीचा संबंध काय, असें एखादा चौकस विद्यार्थी विचारील, आणि त्याचा प्रश्न अगदीं रास्त आहे. फार जुन्या इंग्रजींत या रचनेचा अर्थ ‘लिहिलेलें असें पत्र माझ्यापाशीं आहे’ याच्या जवळचा होता, आणि त्या काळीं ‘लिहिलेलें’ या अर्थाच्या धातुसाधिताला पत्राच्या लिंगवचनाप्रमाणें प्रत्ययहि लागत असे. हळूहळू मालकीचा अर्थ विरून गेला आणि काम पुरें झाल्याचा अर्थ तेवढा उरला. आपल्या मराठींतहि ‘मीं पत्र लिहिलें आहे’, ‘मीं चिठ्ठी लिहिली आहे’, ‘मीं निबंध लिहिला आहे’ असें क्रियापदाचें रूप कर्माप्रमाणें बदलतेंच. इंग्रजीनें तो बदल सोडला, मराठीनें राखला. पण दोघींचें म्हणणें एकच, कीं काम झालें आणि त्याचें फळ आतां समोर आहे.

जुन्या इंग्रजी ग्रंथांत ‘येणें’, ‘जाणें’, ‘उठणें’ अशा क्रियापदांना ‘हॅव्ह’ऐवजीं ‘इज’ लावीत असत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत अशीं रूपें आढळतात, तशींच ‘हॅथ’ आणि ‘हॅस्ट’ हीं ‘हॅव्ह’चीं जुनीं रूपेंहि आढळतात. उपासनेच्या वेळीं तीं कानांवर आलीं तर गोंधळून जाऊं नये, आणि आपल्या निबंधांत मात्र तीं लिहूं नयेत.

या तिसऱ्या उपयोगांत एक खाचखळगा आहे. ‘मीं त्याला काल पाहिलें आहे’ हें मराठींत चालतें, म्हणून आपले विद्यार्थी ‘आय हॅव्ह सीन हिम यस्टरडे’ असें लिहितात. इंग्रजींत हें चालत नाहीं. ‘हॅव्ह’ची ही रचना आजच्या क्षणाशीं जोडलेली असते, ‘काल’, ‘गेल्या वर्षीं’, ‘१९४७ सालीं’ अशा संपून गेलेल्या काळाशीं ती जुळत नाहीं. तेथें साधा भूतकाळ योजावा आणि ‘आय सॉ हिम यस्टरडे’ असें म्हणावें.

चौथा उपयोग भाग पडण्याचा. ‘आय हॅव्ह टु गो’ म्हणजे मला जावें लागतें. येथेंहि मराठींत ‘मला’ आणि इंग्रजींत ‘आय’ हा पूर्वीचाच भेद आहे. पांचवा उपयोग दुसऱ्याकडून काम करविण्याचा. न्हाव्याकडून केस कापून घेतल्यावर ‘आय कट माय हेअर’ असें लिहिलें, तर आपणच हातांत कातर घेतली असा अर्थ होतो. ‘आय हॅड माय हेअर कट’ असें म्हणावें. परंतु हीच रचना मनाविरुद्ध घडलेल्या गोष्टीसहि लागते. ‘ही हॅड हिज पॉकेट पिक्ड’ म्हणजे त्याचा खिसा कापला गेला. त्यानें तो हौसेनें कापून घेतला नाहीं! अर्थ कोणता घ्यावयाचा, हें प्रसंगावरून ठरवावें. शेवटीं ‘यू हॅड बेटर गो’ या रचनेंत ‘हॅड’ हें रूप दिसण्यांत भूतकाळाचें असलें, तरी अर्थ ‘तुम्हीं आतां जावें हें बरें’ असाच आहे.

इतकें सारें वाचल्यावर एखाद्याच्या मनांत असें येईल कीं, एवढें कामाचें क्रियापद मराठींत नसावें, ही आपल्या भाषेंतील उणीवच म्हणावी लागेल. हा समज दूर करणें मला सर्वांत अगत्याचें वाटतें. कारण आपल्या घरच्या भाषेविषयीं ज्याला लाज वाटते, तो दुसऱ्याची भाषाहि मोकळ्या मनानें शिकूं शकत नाहीं.

संस्कृत भाषेंत ‘हॅव्ह’च्या तोडीचें नित्याचें क्रियापद नाहीं, तेथें षष्ठी विभक्ति व ‘अस्’ धातु यांवर काम भागतें. रशियन भाषेंत ‘माझ्यापाशीं आहे’ अशाच अर्थाची रचना रूढ आहे. एमिल बेन्व्हेनिस्त या फ्रेंच भाषापंडितानें १९६० सालीं लिहिलेल्या एका निबंधांत असें दाखविलें कीं, जगांतील भाषांचा विचार करतां ‘हॅव्ह’सारखें क्रियापद असणें हीच विरळा गोष्ट आहे, आणि ‘मला आहे’ ही रचना पुष्कळ ठिकाणीं आढळते. म्हणजे या बाबतींत मराठी एकटी नाहीं. एकटी पडली असेल तर ती इंग्रजीच, आणि तिच्या सोबतीला कांहीं थोड्या भाषा.

पवित्र शास्त्राच्या दोन मूळ भाषांकडे पाहिलें तर हा भेद फार सुंदर रीतीनें दिसतो. नवा करार ज्या ग्रीक भाषेंत लिहिला गेला, तिच्यांत ‘हॅव्ह’सारखें ‘एखो’ हें क्रियापद आहे. जुना करार मुख्यतः ज्या हिब्रू भाषेंत आहे, तिच्यांत असें क्रियापद नाहीं. ‘येश ली’, म्हणजे ‘आहे मला’, असें हिब्रू माणूस म्हणतो. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर केलें आणि त्या १९२२ सालीं निवर्तल्या. जो कोणी हिब्रूवरून मराठींत भाषांतर करील, त्याला या एका जागीं तरी इंग्रज भाषांतरकारापेक्षां सोपें जाईल. कारण हिब्रूचें ‘मला आहे’ मराठींत जसेंच्या तसें ‘मला आहे’ असेंच उतरतें.

आणि लॅटिन भाषा? तिच्यांत दोन्ही रीती होत्या. ‘हाबेओ’ हें क्रियापद होतेंच. पण ‘मिहि दुओ फ्रात्रेस सुंट’ असेंहि म्हणतां येत असे. ‘मिहि’ म्हणजे मला, ‘दुओ’ म्हणजे दोन, ‘फ्रात्रेस’ म्हणजे भाऊ, ‘सुंट’ म्हणजे आहेत. संस्कृत जाणणारांना यांत ‘मह्यम्’, ‘द्वौ’, ‘भ्रातर:’ आणि ‘सन्ति’ यांची सख्खीं भावंडें ओळखूं येतील. आतां त्या मुलाचें फळ्यावरचें वाक्य पुन्हां आठवा: ‘टु मी टू ब्रदर्स आर.’ शब्द इंग्रजी होते, पण घडण शुद्ध लॅटिनची होती. एक शब्दहि जागा सोडून गेला नव्हता! ज्या वाक्याला आम्ही हंसलों, तें रोमच्या एखाद्या गुरूनें बिनचूक म्हणून वाखाणलें असतें.

‘हॅव्ह’ आणि लॅटिन ‘हाबेओ’ यांचे उच्चार सारखे वाटतात, म्हणून ते एकाच कुळांतले असावेत असें कोणालाहि वाटेल. पण तसें नाहीं. याकोब ग्रिम या जर्मन पंडितानें १८२२ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें लॅटिनमधील शब्दारंभींच्या ‘क’ला इंग्रजींत ‘ह’ येतो. लॅटिन ‘कॉर्नु’, म्हणजे शिंग, त्याचा इंग्रज भाऊ ‘हॉर्न’. लॅटिन ‘केंटुम’, म्हणजे शंभर, त्याचा भाऊ ‘हंड्रेड’. या हिशेबानें ‘हॅव्ह’चें नातें लॅटिन ‘कापेरे’ या क्रियापदाशीं जुळतें, आणि त्याचा अर्थ ‘धरणें, पकडणें’ असा आहे. लॅटिन ‘हाबेओ’चें नातें मात्र भाषापंडित इंग्रजी ‘गिव्ह’, म्हणजे ‘देणें’, या शब्दाशीं लावतात. जें मुठींत धरलें तें ‘हॅव्ह’. आणि ज्याचा अर्थ ‘असणें’ त्याचा सोयरा ‘देणें’! शब्दांच्या वंशावळीवरून धर्मोपदेश करूं नये, हें मी जाणतों. तरी जें आपल्यापाशीं आहे तें धरून ठेवण्यासाठीं आहे कीं देण्यासाठीं, हा प्रश्न ज्याचा त्यानें आपल्या मनाशीं विचारण्यास हरकत नाहीं.

आतां पालकांस एक विनंती. आपलें मूल घरीं इंग्रजी वाचतांना चुकलें तर लगेच रागावूं नये, हंसूं तर मुळींच नये. ज्यांना स्वतःला इंग्रजी येत नाहीं, अशा मातापित्यांनाहि मुलाला एक मोठी मदत करतां येईल. ‘हें आपण घरीं कसें म्हणतों?’ एवढें त्याला विचारावें. मूल मराठी वाक्य सांगेल. मग ‘यांत कोणाविषयीं सांगितलें आहे? तें जवळ आहे, नात्यानें आहे, मालकीचें आहे कीं अंगचा गुण आहे?’ असें विचारावें. मराठीचा असा विचार करूं लागलेल्या मुलाला इंग्रजीचा विचार करणें जड जात नाहीं. चूक कोठून आली हें ज्याला कळलें, त्याच्या हातून ती पुन्हां सहसा होत नाहीं. चुकीबद्दल ज्याला फक्त लाजविलें, तो चूक टाळण्यासाठीं बोलणेंच टाळतो.

तो मुलगा आतां मोठा झाला असेल. हा अंक त्याच्या हातीं पडेल कीं नाहीं, सांगतां येत नाहीं. पडलाच, तर त्याच्या गुरुजींचें त्याला एवढेंच सांगणें आहे: बाळ, तुझें वाक्य इंग्रजी नव्हतें, हें खरें, पण तुझा विचार सरळ होता, आणि त्या दिवशीं मीं हंसावयास नको होतें.